दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे? आधी कान बंद करा

अक्षरांचं कोडं हातात पडलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, "डिक्शनरी पाठ कर." दुसराही ठरलेला, "अक्षरं मोठ्यानं वाच, आपोआप सुचेल." पहिल्यात वर्षं जातात आणि दुसऱ्यानं उलट नुकसान होतं. पेठेतल्या पोरांना रविवारी स्क्रॅबल आणि शब्दकोडी खेळवताना मी हे दोन्ही सल्ले देऊन बसलोय, म्हणून सांगतो.

उदाहरणाला आपलंच गाव, कोल्हापूर घेऊ: के-ओ-एल-एच-ए-पी-यू-आर. आठ अक्षरं, एकही दुबार नाही. कागद-पेन घ्या.

आधी प्रश्न काय आहे ते बघा. 'ही अक्षरं असलेले शब्द' याचे निदान तीन अर्थ होतात. फक्त याच अक्षरांतून शब्द करायचा, हा एक. दुसऱ्यात दिलेली अक्षरं हवीतच, बाकीची कुठलीही चालतात: के, आर, पी दिले तर पार्क चालतो, स्पार्क आणि पार्किंगही चालतात. तिसऱ्यात अक्षरं त्याच क्रमानं, चिकटून यायला हवीत: पी-यू-आर म्हटलं की पर्पल, पर्स, पर्पज, स्पर. निम्मी भांडणं इथंच होतात. एकजण पहिला खेळ खेळत असतो, दुसरा तिसरा.

आता पहिल्या खेळातली अवघड जागा. मी इथं वर्षभर अडकलो होतो.

मराठीत 'क' लिहिला की 'क'च वाचायचा. त्यामुळं आपण अक्षरं दिसली की ती पुटपुटतो आणि ओळखीचा आवाज येतोय का ते ऐकत बसतो. इंग्रजीत हा डाव अंगावर उलटतो. एच-ओ-यू-आर ही चार अक्षरं समोर मांडून मी 'होऊर, हौर' करत राहिलो होतो. शब्द होता अवर, म्हणजे तास. त्यात 'ह' ऐकूच येत नाही, मग कानाला सापडणार कसा? दुसरा फटका हॉलचा. कानानं सांगितलं, एच-ए-एल-एल. आपल्याकडं एल एकच, म्हणून मी तो सोडून दिला. पण ओढून नेणे या अर्थाचा हॉल एच-ए-यू-एल असा लिहितात आणि तो कोल्हापुरात अगदी आरामात बसतो.

म्हणून अक्षरं वाचू नका. बघा, आणि जोड्या लावा.

इंग्रजीत काही अक्षरं एकमेकांच्या शेजारी नेहमी बसतात, काही कधीच बसत नाहीत. आठ अक्षरं उलटसुलट मांडायच्या ४०,३२० तऱ्हा होतात, तेव्हा नुसती फिरवत बसण्यात अर्थ नाही. स्वर डावीकडं लिहा: ओ, ए, यू. व्यंजनं उजवीकडं: के, एल, एच, पी, आर. मग शब्दाच्या शेवटी शोभणाऱ्या जोड्या काढा. शेवटापासूनच सुरू करा, हा माझा हट्ट आहे, कारण सुरुवातीला काहीही येऊ शकतं, शेवटाला मात्र ठरावीक जोड्याच येतात. आर-के घेतलं की एका झटक्यात पार्क, पोर्क, लार्क, लर्क. एल-के घेतलं की हल्क. आर-पी घेतलं की हार्प. त्यानंतर मधल्या स्वरजोड्या: ओ-यू मधून अवर आणि पोअर, ए-यू मधून तो हुकलेला हॉल, ओ-ए मधून ओक आणि ओअर.

सगळ्यात शेवटी ए हे अक्षर शब्दाच्या टोकाला लावून बघा, बहुतेक लोक ते विसरतात. पोल्का निघतो. ओक्राही निघतो, म्हणजे भेंडी. गावच्या नावात तांबडा-पांढरा सोडून भेंडी निघावी, हे मला अजून पचलेलं नाही.

अक्षरं जास्त असतील तर आय-एन-जी, ई-डी, ई-आर आणि टी-आय-ओ-एन ही शेपटं दिसताक्षणी बाजूला काढून ठेवा. त्यातलं शेवटचं 'शन' असं ऐकू येतं. ते कानानं शोधून दाखवा बघू.

दुसरी खोड मोजणीची. एका गणेशोत्सवात तालमीच्या मंडपात मी माइकवरून जाहीर केलं होतं, "कोल्हापूरमधून सात अक्षरी शब्द निघतो, पॉप्युलर!" टाळ्या झाल्या. मग पुढच्या रांगेतून सहावीतली एक मुलगी म्हणाली, "काका, पी एकच हाय की!" खरंच होतं. पॉप्युलरला पी दोन लागतात. पार्लर आणि पार्कूर यांना आर दोन लागतात, अल्फाला ए दोन. हे सगळे शब्द दिसायला कोल्हापूरचेच, पण एकही बसत नाही. तेव्हापासून मी वापरलेलं प्रत्येक अक्षर पेन्सिलनं खोडतो. तुम्हीही खोडा. नजरेनं मोजलं असं म्हणू नका.

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला, म्हणजे अक्षरं हवीत आणि बाकी काहीही चालतं तिथं, सुरुवात दुर्मिळ अक्षरापासून करा. कुठलं दुर्मिळ हे स्क्रॅबलच्या डब्यावरून कळतं. इंग्रजी संचातल्या १०० सोंगट्यांत ई बारा आहेत. के, जे, एक्स, क्यू आणि झेड प्रत्येकी एकच. खेळ काढणाऱ्या अल्फ्रेड बट्सनं वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हा हिशेब बसवला होता. म्हणजे के, आर, ई दिले असतील तर के धरून बसा, ई कुठंतरी येतोच.

संगणकावर शब्दांची यादी असेल तर शीटमध्ये फिल्टर लावा. फक्त एक चूक करू नका: के आणि आर यांच्यामध्ये स्टार (*) टाकून शोधलं तर के आधी आणि आर नंतर असलेलेच शब्द येतात, पार्क बिचारा बाहेर राहतो. त्यापेक्षा शब्दांचा रकाना जितकी अक्षरं तितक्या वेळा शेजारी कॉपी करा आणि प्रत्येक रकान्याला एकेका अक्षराचा फिल्टर लावा. शब्द जुळवून देणाऱ्या वेबसाइट्स उत्तर तपासायला ठीक आहेत. आधीच उघडल्यात तर कुणी कधी न वापरलेले दोनशे शब्द अंगावर येतील.

हात बसला की सांगली घ्या: एस-ए-एन-जी-एल-आय. सहाही अक्षरं वापरून एक शब्द होतो. नाही सुचला तर आपल्या दाभोळकर कॉर्नरच्या चौकात गाडी थांबली की वर बघा.