यूकेत नवीन आलायत? आधी ‘बाय’ (by) आणि ‘अंटिल’ (until) पक्कं करून घ्या

नवीन आलेली आपली मंडळी भेटली की घर, बँक, जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) हे विषय झाले की गाडी हमखास इंग्लिशवर येते, आणि बहुतेकांना टेन्शन असतं ते ॲक्सेंटचं. ॲक्सेंटचं काही मनावर घेऊ नका, ग्लासगोचा असो नाहीतर लिव्हरपूलचा, काही महिन्यांत कान तयार होतो. घोटाळा होतो तो अगदी बारक्या शब्दांत, आणि तो कुणी सांगत नाही, कारण इथल्या लोकांना समोरच्याच्या बोलण्यात चूक काढणं फार वाईट वाटतं. ते हसून ‘ओह, लव्हली’ म्हणतात आणि आपल्याला वाटतं निरोप बरोबर पोचला.

मी तरी नवीन माणसाला एकच सांगते, सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. ‘द’ राहून गेला तर वाक्य जरा लंगडं वाटेल पण अर्थ कळेल. ‘बाय’च्या जागी ‘टिल’ गेला तर अर्थच बदलतो, आणि तो बदललाय हे दोघांनाही कळत नाही. त्यामुळे ज्या चुकीने काम बिघडतं ती आधी धरा, कानाला खटकणाऱ्या नंतर.

पहिला नंबर ‘पर्यंत’चा. ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देते’ आणि ‘शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे’, आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द चालतो, इंग्लिशमध्ये दोन वेगळे लागतात. पहिल्याला ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्याला ‘अंटिल फ्रायडे’ किंवा ‘टिल’. आपले लोक सर्रास लिहितात ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’, म्हणजे मॅनेजरने काय समजायचं, हा रोज शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवत बसणार? आणि ‘आय विल वर्क ऑन इट टिल फ्रायडे’ म्हटलं तर काम संपेल असं त्यात कुठेच येत नाही, शुक्रवारपर्यंत करणार आणि मग सोडून देणार एवढंच येतं. ओळखायची युक्ती मराठीतच आहे. ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ टाकून बघा. ‘शुक्रवारच्या आत रिपोर्ट देते’ बसतंय ना, मग ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत सुट्टीवर आहे’ हे बसत नाही, मग ‘अंटिल’. टॅक्स रिटर्नचं बघा, ऑनलाइन सेल्फ असेसमेंट ३१ जानेवारीच्या आत भरायचं असतं, तिथे ‘बाय ३१ जॅन्युअरी’ असतं आणि ते चुकलं की दंड लागतो.

ह्याच्यातच अजून एक खोच आहे. आपण ‘सोमवारपर्यंत सुट्टी’ म्हणतो तेव्हा सोमवार सुट्टीत धरलेला असतो. इथे ‘ऑन लीव्ह अंटिल मंडे’ वाचणारे बरेच जण समजतात की सोमवारी तुम्ही कामावर हजर. म्हणून मी सगळ्यांना सांगते, सुट्टीच्या ऑटो-रिप्लायमध्ये ‘अंटिल’च्या भानगडीत पडूच नका, सरळ ‘बॅक ऑन ट्यूजडे’ लिहा, वाद मिटला.

दुसरा नंबर ‘जोपर्यंत नाही, तोपर्यंत नाही’चा. ‘जोपर्यंत पैसे मिळत नाहीत तोपर्यंत चावी देणार नाही’ हे आपलं एकदम बरोबर वाक्य. तेच इंग्लिशमध्ये आणताना आपण म्हणतो ‘आय वोन्ट गिव्ह यू द की अंटिल यू डोन्ट पे’, आणि इथे गडबड होते, कारण इंग्लिशमध्ये ‘अंटिल’नंतर तो ‘नाही’ येत नाही. ‘अंटिल यू पे’, बस. ‘अनलेस’चंही तसंच, त्याच्या पोटातच ‘नाही’ आहे, ‘अनलेस यू पे’ म्हणजेच ‘तुम्ही पैसे दिले नाहीत तर’, त्यात परत ‘डोन्ट’ घातलं की उलटं होतं. हे नुसतं परीक्षेपुरतं नाहीये. इथे अँटिबायोटिक घेतलं की फार्मसीच्या लेबलवर बहुतेक वेळा छापलेलं असतं, ‘कीप टेकिंग धिस मेडिसिन अंटिल द कोर्स इज फिनिश्ड, अनलेस यू आर टोल्ड टु स्टॉप’. एका ओळीत दोन्ही शब्द! म्हणजे कोर्स संपेपर्यंत घेत राहा, मधे डॉक्टरने थांबवायला सांगितलं तरच थांबा. घरी आई-बाबा आले असतील तर त्यांच्या औषधांवरचं हे वाक्य त्यांना मराठीत नीट समजावून सांगा, बरं वाटलं की गोळ्या बंद करायची सवय आपल्याकडे फार आहे.

जीपीकडे अजून एक लागतं ते ‘पासून’. ‘तीन दिवसांपासून दुखतंय’ आणि ‘सोमवारपासून दुखतंय’, परत आपलं एकाच शब्दात काम. इंग्लिशमध्ये ‘किती दिवस’ ह्याचं उत्तर असेल तर ‘फॉर’, ‘कधीपासून’ ह्याचं असेल तर ‘सिन्स’. ‘फॉर थ्री डेज’, ‘सिन्स मंडे’. ‘सिन्स थ्री डेज’ हे आपल्या लोकांचं इतकं पक्कं बसलंय की इथे कित्येक वर्षं राहिलेले पण तेच बोलतात. क्रियापदाकडेही लक्ष ठेवा, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स २०२३’ नाही, ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’.

मग ‘समोर’. घराच्या समोर दुकान आहे म्हणताना आपण मधला रस्ता गृहीत धरतो. इथे ‘इन फ्रंट ऑफ’ म्हटलं की ऐकणारा तुमच्याच बाजूला, दारापुढेच शोधतो. रस्त्याच्या पलीकडे असेल तर ‘अपोझिट’. पार्सलवाल्याला चुकीचं सांगितलं तर फार तर पार्सल शेजारी जाईल, पण ९९९ला फोन करून ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगताना हा फरक खरंच महत्त्वाचा आहे. ‘वी आर अपोझिट द स्कूल’ आणि ‘वी आर इन फ्रंट ऑफ द स्कूल’ म्हणजे रस्त्याच्या दोन वेगळ्या बाजू. आधी पोस्टकोड सांगायचा, मग घर नंबर, आणि मग हे.

वेळेचं ‘त’ पण असंच फसवतं. ‘एका तासात येते’ म्हणजे आपल्याकडे तासाच्या आत कधीही, इंग्लिशचं ‘इन ॲन अवर’ म्हणजे साधारण तासाभराने. आत म्हणायचं असेल तर ‘विदिन’. पार्किंगच्या पाटीवर ‘नो रिटर्न विदिन १ अवर’ असतं, म्हणजे गाडी काढली की पुढचा तासभर तिथे परत लावायची नाही, नाहीतर दंडाचं तिकीट येतं. इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेतलंत तर बहुतेक ठिकाणी मालकाने तुमचं डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत सरकारमान्य स्कीममध्ये प्रोटेक्ट करायला लागतं, त्या कागदावरही हाच ‘विदिन’ दिसेल, आणि ते झालं की नाही हे जरूर विचारा, संकोच करू नका. ‘दोन दिवसांनी फोन करते’ ह्याला मात्र ‘आफ्टर टू डेज’ नको, ‘इन टू डेज’.

जोडशब्दांचं आता पटकन सांगते. मराठीत जोडी लागते, जरी-तरी, जर-तर, ज्याअर्थी-त्याअर्थी. इंग्लिशला एका बाजूला एकच पुरतो. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ मधला एकतर ‘ऑल्दो’ ठेवा नाहीतर ‘बट’. ‘ॲज आय वॉज इल, सो आय डिडन्ट कम’ मध्ये पण तसंच. ‘त्याने विचारलं की मी कुठे राहते’ मधला ‘की’ तिकडे नेऊ नका, ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय लिव्ह’ मधला ‘दॅट’ जाऊ दे. आणि ‘बिटवीन’ला जोडीदार ‘अँड’, ‘टु’ नाही: ‘बिटवीन नाइन अँड फाइव्ह’, किंवा ‘फ्रॉम नाइन टु फाइव्ह’. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, रोज कानावर पडतं ना, ‘माइंड द गॅप बिटवीन द ट्रेन अँड द प्लॅटफॉर्म’, तेवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे.

काही क्रियापदांना आपण उगाच शेपूट लावतो: ‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टु होम’, ‘ऑर्डर फॉर पिझ्झा’, ‘रिटर्न बॅक’. ह्यातलं शेपूट काढा. आणि जिथे लागतं तिथे विसरतो, ‘रिप्लाय मी’, ‘लिसन मी’, ‘एक्स्प्लेन मी’, कारण मराठीत ‘मला समजाव’, ‘माझं ऐक’ एवढ्यात भागतं. तिथे ‘टु’ पाहिजे: ‘रिप्लाय टु मी’, ‘एक्स्प्लेन इट टु मी’. ‘तिचं त्याच्याशी लग्न झालंय’ ह्याचं ‘मॅरिड विथ’ होत नाही, ‘मॅरिड टु’. ‘माझ्यावर चिडला’ ह्याचं ‘अँग्री ऑन मी’ नाही, ‘अँग्री विथ मी’. ह्यांना नियम नाही, पाठच करायचे. गाड्यांना मात्र आहे, जिच्यात उभं राहून चालता येतं ती ‘ऑन’ (बस, ट्रेन, विमान), जिच्यात वाकून बसायचं ती ‘इन’ (कार, टॅक्सी).

आता आर्टिकल्स, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ज्याची लोकांना सगळ्यात जास्त भीती. मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्याला ते जमणारच नाही असं समजू नका. ‘बाहेर माणूस उभा आहे’ आणि ‘माणूस बाहेर उभा आहे’, ही दोन वाक्यं सावकाश वाचा. पहिल्यात कुणीतरी अनोळखी, दुसऱ्यात ज्याच्याबद्दल आधी बोलणं झालंय तो. म्हणजे ‘अ मॅन’ आणि ‘द मॅन’ मधला फरक आपण लहानपणापासून करतोय, फक्त शब्द मागेपुढे करून करतोय. इंग्लिशला त्यासाठी छोटा शब्द लागतो इतकंच. बोलताना मनात एक प्रश्न विचारा: समोरचा ‘कुठला?’ विचारेल का? विचारणार नसेल तर ‘द’. मालकाला मेसेज करताय, घरात बॉयलर एकच, तो कुठला विचारणार नाही, म्हणून ‘द बॉयलर इज नॉट वर्किंग’. प्लंबर कुठलाही चालेल, म्हणून ‘वी नीड अ प्लंबर’. तो प्लंबर येऊन गेला की दुसऱ्या मेसेजमध्ये ‘द प्लंबर सेज...’, कारण आता तो ठरलेला झाला. स्वतःचा पेशा सांगताना मात्र ‘अ’ किंवा ‘ॲन’ विसरायचा नाही, ‘आय ॲम नर्स’ नाही, ‘आय ॲम अ नर्स’.

‘अ’ की ‘ॲन’ ह्याला आपल्याकडे इतकी सोपी चावी आहे की इंग्रजांना पण नाही. शब्द देवनागरीत लिहा! स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने तर ‘अ’. एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) नंबर, ‘ए’ने सुरू, म्हणून ‘ॲन एनएचएस नंबर’. यूके व्हिसा, ‘य’ आला, म्हणून ‘अ यूके व्हिसा’. ॲन एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी), ॲन एक्स-रे, ॲन अवर, अ युनिव्हर्सिटी, अ वन-वे स्ट्रीट. स्पेलिंग बघायचंच नाही. फक्त वर्षवाला ‘इयर’ सांभाळा, आपण तो ‘इ’ने लिहितो पण इथे उच्चार ‘यि’ आहे, म्हणून ‘अ इयर’.

नावांचं बघून बघून कळतं. ‘आय केम टु यूके’ ऐकलं की आपला माणूस लगेच ओळखू येतो, ‘द यूके’ म्हणा, पण इंग्लंड, ब्रिटन, स्कॉटलंड नुसतेच. ‘द एम२५’ (मोटरवे), ‘द सेंट्रल लाइन’, ‘द थेम्स’, पण पॅडिंग्टन, हीथ्रो, ऑक्सफर्ड स्ट्रीट, हाइड पार्क ह्यांना काही नाही. ‘गो टु वर्क’, ‘गो टु स्कूल’ ह्यांनाही काही नाही, पण ऑफिसला आहे: ‘गो टु द ऑफिस’. इथे पेशंट म्हणून ॲडमिट असेल तर ‘इन हॉस्पिटल’, कुणाला भेटायला गेलात तर ‘ॲट द हॉस्पिटल’. अमेरिकेतून आलेल्यांना हे विचित्र वाटतं कारण तिकडे ‘इन द हॉस्पिटल’ चालतं, तसंच तिकडचं ‘ऑन द वीकेंड’ इथे ‘ॲट द वीकेंड’ होतं. दोन्ही बरोबर, तुम्ही जिथे राहताय तिथलं धरा. आणि यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्स-ब्रॅडफर्डकडे गेलात तर तिथल्या बोलीत ‘द’ इतका आखडतो की नुसता ‘ट’ उरतो, कधी तोही ऐकू येत नाही. ती त्यांची जुनी, सुंदर बोली आहे, ऐका, पण ऑफिसच्या मेलमध्ये लिहू नका.

सुधारायचं कसं, तर स्वतःच्या सेंट मेल्समध्ये ‘टिल’, ‘सिन्स’, ‘अंटिल’, ‘डिस्कस’ एवढे चार शब्द सर्च करा. प्रत्येक वाक्य वरच्या युक्त्या लावून तपासा, आपली सवय कुठे फसते ते तासाभरात दिसतं. आयईएलटीएस ही इंग्लिशची परीक्षा द्यायची असेल तर रायटिंगमध्ये चार निकष सारख्या वजनाचे असतात, ग्रामर त्यातला एक, पण वाक्यं नीट जोडण्याचे मार्क वेगळे आहेत, म्हणून जरी-तरीवाला भाग त्यांनी परत वाचावा. टीव्ही बघताना इंग्लिश सबटायटल्स लावून ठेवा, हे बारके शब्द बोलण्यात गिळले जातात, खाली लिहिलेले दिसतात.

आणि घरी जोडीदार किंवा आई-बाबा असतील आणि त्यांना बोलायला भीती वाटत असेल, तर जवळच्या कॉलेजमध्ये किंवा काउन्सिलकडे ईसॉलच्या, म्हणजे इंग्लिश शिकवणाऱ्या, क्लासची चौकशी करा, दुसरी भाषा बोलणाऱ्यांसाठीच असतात ते. फी आणि पात्रता तुमच्या व्हिसावर आणि परिस्थितीवर ठरते, ते आधी नीट विचारून घ्या. कॉलेजचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि त्याआधी बहुतेक ठिकाणी लेव्हल ठरवायची छोटी टेस्ट घेतात, तेव्हा उन्हाळ्यातच नाव नोंदवून ठेवा.