हरभऱ्याची प्रथिनं आणि घाटे अळी: या चुका टाळा

पहाटे हरभऱ्यातून फिरून आलं की पँट ओली होते आणि हाताला चुरचुरतं. ही आंब म्हणजेच झाडाची कीडरोधक प्रथिनं, असा समज अनेकांचा असतो. पहिली चूक इथेच होते. आंब म्हणजे पानांवरच्या लवीतून पाझरणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. ज्या प्रथिनांबद्दल आपण बोलतोय ती दाण्यात साठलेली असतात आणि त्यांचं काम अळीच्या पोटात गेल्यावर सुरू होतं.

दाणा पचवायला अळीच्या आतड्यात ट्रिप्सिनसारखी विकरं, म्हणजे प्रथिनं तोडणारी पाचक द्रव्यं (एन्झाइम), लागतात. दाण्यातलं रोधक प्रथिन नेमकं त्या विकराच्या खाचेत जाऊन बसतं. अळी खात राहते, पण खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. ती मरत नाही, तिची वाढ रेंगाळते. म्हणूनच "वाणात प्रतिकार आहे, आता बघायला नको" असं म्हणून शेताकडे न फिरकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

हरभऱ्याचे घाटे पोखरणारी घाटे अळी तर इतर अळ्यांहून चिवट. रोधकाला दाद न देणारी वेगळी विकरं ती तयार करते. हरभरा, तूर, कापूस हे तिचं रोजचं खाणं, त्यामुळे त्यांची प्रथिनं तिने कधीच पचनी पाडली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 1999 साली हेच दाखवलं: ती ज्यावर जगत नाही अशा भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाट्याच्या रोधकांनी तिची वाढ जास्त खुंटली. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण ते अजून आपल्या बांधापर्यंत आलेलं नाही, म्हणून अळ्या मोजणं सोडू नका. घाट्याला गोल भोक, डोकं आत आणि अर्धं अंग बाहेर, अशी अळी मीटरभर ओळीत एक-दोन दिसली की थांबू नका. फुलं लागतानाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारलेला बरा.

सोयाबीन भिजवून, उकळून त्याचा अर्क फवारावा असंही काहींच्या मनात येतं. उकळल्यावर त्यातलं मुख्य रोधक प्रथिन, कुनिट्झ, बरंचसं निकामी होतं, मग फवारायला उरतं काय?

उलट कच्चं सोयाबीन भरडून कोंबड्यांना घालू नका. अळीच्या पोटात होतं तेच त्यांच्याही पोटात होतं; शिवाय त्यांचं स्वादुपिंड सुजतं आणि वजन वाढत नाही. आधी नीट भाजा, मगच भरडा.