नवी मेट्रो उभारताना या चुका टाळा: खडकाआधी निर्णयांचा क्रम तपासा

एखाद्या शहरातील मेट्रोचे काम रखडले की पहिला दोष खडकाला, पावसाला किंवा न्यायालयाला दिला जातो. भारतातील गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव तपासला, तर बहुतेक वेळा खोळंबा त्याच्या किती तरी आधी, कागदावरच सुरू झालेला दिसतो. कोलकात्यात २९ डिसेंबर १९७२ रोजी पायाभरणी झाली, एस्प्लनेड ते भवानीपूर हा जेमतेम ३.४ किलोमीटरचा पहिला टप्पा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाला आणि दमदम ते टॉलीगंज हा सलग मार्ग पूर्ण व्हायला १९९५ साल उजाडले. दिल्लीत मात्र १९९८ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले आणि डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी गाडी धावू लागली. कोलकात्याची माती अवघड होती, हे खरे. पण तिथले काम रेल्वे खात्याच्या वर्षावर्षाच्या तरतुदीवर चालत होते, तर दिल्लीत केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्यानिम्म्या भागभांडवलाची स्वतंत्र कंपनी १९९५ मध्येच स्थापन झाली होती आणि तिच्या व्यवस्थापकीय संचालकाला, म्हणजे ई. श्रीधरन यांना, निविदेपासून नेमणुकांपर्यंतचे अधिकार होते. पैसा आणि अधिकार यांची सोय खोदकामाआधी झाली होती. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सर्व चुका या क्रमाच्याच आहेत.

साधन आधी ठरवणे आणि गरज नंतर शोधणे

आपल्या शहराला मेट्रो हवी, असे आधी जाहीर करायचे आणि मग तिला साजेसा प्रवासीसंख्येचा अंदाज अहवालात बसवायचा, ही सर्वांत जुनी खोड आहे. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो रेल्वे धोरणाने म्हणूनच पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास सक्तीचा केला आणि प्रकल्पाचा आर्थिक परतावा, म्हणजे समाजाला होणाऱ्या लाभासह मोजलेला परतावा, किमान १४ टक्के असावा अशी अट घातली. ही अट आकडे फुगवूनही पार करता येते, हे उघड आहे. त्यामुळे अहवाल वाचणाऱ्याने शेवटची बेरीज पाहण्यापेक्षा गृहीतके तपासावीत: बसचे प्रवासी किती टक्के वळतील असे मानले आहे, दुचाकीवाला आपली दुचाकी घरी ठेवून का येईल, आणि स्थानकापर्यंत तो कसा येईल.

साधनाची निवड चुकली म्हणजे काय होते, याचे मुंबईतील मोनोरेलइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. चेंबूर ते वडाळा हा तिचा पहिला टप्पा २ फेब्रुवारी २०१४ रोजी सुरू झाला आणि संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये. दरम्यान गाडीच्या डब्यांना आग लागण्याची घटना घडली, मलेशियन पुरवठादाराचे कंत्राट रद्द झाले आणि मग सुटे भाग मिळणेच कठीण झाले, कारण या पद्धतीच्या गाड्या देशात दुसरीकडे कुठे धावतच नव्हत्या. ऑगस्ट २०२५ मधील मुसळधार पावसात क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी भरलेली गाडी उंचावर अडकली, शेकडो लोकांना बाहेर काढावे लागले आणि सप्टेंबरमध्ये सेवा दुरुस्तीसाठी थांबवण्यात आली. ज्या गाडीचे सुटे भाग एकाच कारखान्यातून येतात, ती गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मेट्रो निओ (विजेच्या तारांखाली रबरी टायरांवर धावणारी गाडी) किंवा मेट्रो लाइट (ट्रामसारखी कमी क्षमतेची मेट्रो) यांसारख्या हलक्या पर्यायांचा विचार मध्यम शहरांनी जरूर करावा. मात्र पुढील तीस वर्षे ती गाडी कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न निविदेच्या आधी विचारावा.

कारशेडची जागा शेवटी पाहणे

मार्ग आखताना सगळ्यांचे लक्ष स्थानकांवर असते. गाड्या रात्री कुठे उभ्या राहणार, त्यांची तपासणी आणि धुलाई कुठे होणार, हा विषय नकाशाच्या एका कोपऱ्यात राहतो, आणि नेमका तिथेच प्रकल्प अडतो. कुलाबा–वांद्रे–सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो ३ चे तसेच झाले. आरे येथील जागेला विरोध होता, तो वर्षानुवर्षे सर्वांना माहीत होता, तरीही बोगद्यांचे काम पुढे गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीतून झाडे तोडली गेली आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. पुढच्या वर्षी कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्या जमिनीच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य आमनेसामने आले व उच्च न्यायालयाने काम रोखले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेत आले. या काळात प्रकल्पाचा खर्च २३,१३६ कोटी रुपयांवरून ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. सगळी वाढ कारशेडमुळेच झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही तयार होत आलेल्या भुयाराला गाड्या ठेवण्याची जागा नसणे, ही स्थिती कोणत्याही अभियंत्याच्या हाताबाहेरची होती.

उपाय सरळ आहे, फक्त तो राजकीयदृष्ट्या गैरसोयीचा आहे. कारशेडची जमीन ताब्यात आल्याशिवाय, तिच्या मालकीचा निकाल लागल्याशिवाय आणि झाडांबाबतची सुनावणी पूर्ण झाल्याशिवाय मुख्य मार्गाची निविदा काढू नये. वाद झालाच, तर दोन्ही जागांचा खर्च, जोडमार्गाची लांबी आणि तोडावी लागणारी झाडे यांचा तक्ता एकाच वेळी लोकांसमोर ठेवावा. एकेक पर्याय स्वतंत्रपणे मांडला की प्रत्येक वेळी नवा संशय निर्माण होतो.

जमिनीखालचे न पाहता वरचे बांधणे

आपल्या जुन्या शहरांत जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि वीजकेबल यांचे खात्रीचे नकाशे क्वचितच असतात. महापालिकेच्या नकाशात वाहिनी रस्त्याच्या डाव्या कडेला दाखवलेली असते आणि खोदल्यावर ती मधोमध निघते. म्हणून ठराविक अंतरावर चाचणी खड्डे घेणे आणि वाहिन्या हलवण्याचे काम मुख्य कंत्राटाच्या आधी स्वतंत्रपणे उरकणे, हे दोन्ही खर्च वाचवू नयेत.

मातीचेही तसेच. कोची मेट्रोच्या पत्तडिप्पालम येथील ३४७ क्रमांकाच्या खांबाला बाक आल्याचे २०२२ च्या सुरुवातीला लक्षात आले, आणि तपासात त्याचे पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोलवर घातलेले खांब, कठीण खडकापर्यंत पोचलेच नव्हते असे आढळले. त्या मार्गावर तोपर्यंत काही वर्षे गाड्या धावत होत्या. पायाभोवती नवे पाइल घालून खांब सावरावा लागला. कोलकात्यात बऊबाजार भागात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बोगदा खोदणाऱ्या यंत्राने भूगर्भातील जलधर, म्हणजे पाण्याने भरलेला, थर फोडला. पाणी आणि माती आत घुसली, वरची जुनी घरे खचली आणि कुटुंबांना नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडावे लागले. पूर्व–पश्चिम मार्गाचा तोच तुकडा सर्वांत शेवटी, २०२५ मध्ये, जोडला गेला. जुन्या वस्तीखालून जाताना प्रत्येक इमारतीची आधी नोंद घेणे, भिंतींवर तडे मोजण्याची साधने लावणे आणि भूजलाची पातळी रोज पाहणे आवश्यक आहे. पाणी अचानक वाढले, तर यंत्र थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या अभियंत्याला असावा, मुख्यालयाच्या परवानगीची वाट पाहायला लागू नये.

शहर म्हणजे फक्त रस्त्याची रुंदी असे समजणे

पुण्यातील दोन गोष्टी इथे सांगण्यासारख्या आहेत. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल यांना त्यांच्यामुळे जागा मिळत नव्हती. पूल बांधताना मेट्रोचा विचार झाला नव्हता आणि मेट्रोचा विचार झाला तेव्हा पूल उभे होते. नागपुरात वर्धा रस्त्यावर याच्या उलट घडले: तिथे एकाच खांबांवर खाली वाहनांचा पूल आणि वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची दुमजली रचना एकत्रच आखली गेली. दुसरी गोष्ट लकडी पुलाची. २०२१ मध्ये या पुलावरून, म्हणजेच संभाजी पुलावरून, जाणाऱ्या मेट्रोच्या उंचीमुळे विसर्जन मिरवणुकीतील उंच रथ अडतील, अशी हरकत गणेश मंडळांनी घेतली आणि काम काही काळ थांबले. बाहेरगावच्या सल्लागाराला हा मुद्दा किरकोळ वाटला असेल. पुणेकराला तो पहिल्याच दिवशी सुचला असता. वर्षातून एकदाच होणारा रस्त्याचा वापरही आराखड्यात धरावा लागतो, आणि तो सल्लागाराच्या वाहतूक मोजणीत कधीच सापडत नाही. त्यासाठी स्थानिक पोलीस ठाणे, मंडळे आणि व्यापारी संघ यांच्याशी रेखांकन पक्के होण्यापूर्वी बोलावे.

मार्ग तयार, गाडी नाही

बेंगळुरूची पिवळी मार्गिका, म्हणजे आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हे सुमारे १९ किलोमीटर, बांधून तयार होऊनही गाड्यांअभावी पडून राहिली. डब्यांचे कंत्राट चिनी कंपनीकडे होते, देशात उत्पादन करण्याची अट होती आणि त्याची व्यवस्था लागायला वर्षे गेली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ तीन गाड्यांवर, पंचवीस मिनिटांच्या अंतराने सेवा सुरू झाली. त्याच शहरात मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुर ते व्हाइटफील्ड मार्ग सुरू झाला, तेव्हा तो जुन्या मार्गाला जोडणारा सुमारे दोन किलोमीटरचा तुकडा अपुरा होता आणि प्रवाशांना मधले अंतर बसने कापावे लागत होते. तो जोडला गेला ऑक्टोबरमध्ये. गाड्या, सिग्नल यंत्रणा आणि सुरक्षा आयुक्तांची तपासणी यांना स्थापत्यकामाइतकाच वेळ लागतो. गाड्यांची मागणी खांबांच्या निविदेबरोबरच नोंदवावी.

खासगी भागीदाराकडून चमत्काराची अपेक्षा करणे

मुंबईच्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मार्गावर ८ जून २०१४ रोजी गाडी धावली, आणि त्याच दिवसांत भाड्याचा वादही न्यायालयात गेला: करारात ९ ते १३ रुपये, कंपनीची मागणी १० ते ४० रुपये. हैदराबादमध्ये २००८ मध्ये विजयी ठरलेल्या कंपनीने सरकारकडून मदत घेण्याऐवजी उलट तीस हजार कोटींहून अधिक रक्कम सरकारलाच देऊ केली होती. अशा बोलीमागे मेट्रोपेक्षा जमिनींचा हिशेब असावा, अशी शंका श्रीधरन यांनी तेव्हाच लेखी व्यक्त केली होती. पुढच्या वर्षी ते कंत्राट रद्द झाले. नंतर आलेल्या दुसऱ्या कंपनीने २०१७ मध्ये सेवा सुरू केली खरी, पण तोटा आणि कर्ज यांच्या भाराने तीही २०२५ मध्ये बाहेर पडण्यास निघाली. दिल्लीच्या विमानतळ मार्गात बांधकाम सरकारी कंपनीचे आणि संचालन खासगी कंपनीचे होते. २०१२ मध्ये गर्डरखालच्या बेअरिंगमध्ये, म्हणजे मार्गाची तुळई ज्यांवर टेकते त्या आधारांमध्ये, दोष सापडल्यावर सहा महिने सेवा बंद राहिली आणि दोष कोणाचा यावरचा खटला २०२४ पर्यंत चालला. करार करताना तीन बाबी शब्दांत स्पष्ट असाव्यात: भाडे कोण ठरवणार, प्रवासी कमी आल्यास तोटा कोण सोसणार आणि बांधकाम एकाचे व चालवणे दुसऱ्याचे असल्यास हस्तांतराच्या दिवशी तपासणी कोण करणार. अवाजवी आकर्षक बोली आली, तर ती स्वीकारण्यापूर्वी नाकारण्याची कारणे शोधावीत.

उद्घाटनाची तारीख आधी लावणे

मेट्रो ३ चे आचार्य अत्रे चौक स्थानक मे २०२५ मध्ये सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेच्या पावसात पाणी थेट फलाटावर आले. काम अपुरे असलेल्या प्रवेशद्वारापाशी उभारलेली तात्पुरती भिंत कोसळली होती. जे प्रवेशद्वार पूर्ण नाही, ते पावसाळ्यापुरते पक्क्या काँक्रीटने बंद करावे आणि पंपांची चाचणी खरोखर पाणी सोडून घ्यावी. घाई बांधकामातही जीव घेते. २००९ मध्ये दिल्लीतील जमरूदपूरला, जिथे बांधकाम सुरू असलेला मेट्रोचा पूल कोसळला, आणि जानेवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत, जिथे खांबाचा लोखंडी सांगाडा रस्त्यावर कोसळून दुचाकीवरील आई व तिचे लहान मूल दगावले, तिथे नंतर चौकशा झाल्या. वाहत्या रहदारीशेजारी उंच सांगाडा उभा करताना त्याला ताण देणारे दोर आणि रस्ता बंद ठेवण्याची मुदत यांत तडजोड नको.

गाडी सुरू झाल्यावरही प्रवासी न येणे

जयपूरमध्ये २०१५ साली मानसरोवर ते चांदपोल हा ९.६ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. जुन्या शहराच्या मध्यावर, बडी चौपडला, तो पोचला २०२० मध्ये. मधली पाच वर्षे लोकांना जिथे जायचे होते, त्याच्या अलीकडेच गाडी थांबत होती. पहिला टप्पा लहान असला तरी चालेल, पण त्याचे एक टोक बाजारपेठ, न्यायालय किंवा मुख्य रेल्वे स्थानक यांत असायला हवे.

मार्ग योग्य असूनही डबे रिकामे असतील, तर आधी भाडे कमी करू नये. स्थानकाच्या चारही दिशांना पाचशे मीटर स्वतः चालून पाहावे. पदपथ सलग आहे का, रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का, रिक्षा थांबा जिन्यापाशी आहे का आणि शहर बसचे वेळापत्रक गाडीशी जुळते का, हे तपासावे. धोरणात फीडर सेवेची, म्हणजे प्रवाशांना स्थानकापर्यंत आणणाऱ्या जोडवाहतुकीची, जबाबदारी राज्याने आधीच मान्य केलेली असते, तेव्हा ती मागण्याचा हक्कही आहे. भाड्याबाबत बेंगळुरूची चूक वेगळ्या प्रकारची होती: २०१७ नंतर साडेसात वर्षे भाडे तसेच ठेवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कमाल भाडे एकदम ६० रुपयांवरून ९० रुपये केले. काही टप्प्यांतील वाढ इतकी जास्त होती की ओरड झाल्यावर ती ७१ टक्क्यांवर मर्यादित करावी लागली आणि तरीही प्रवासी घटले. भाडे निश्चिती समिती दर दोन वर्षांनी बसवून लहान वाढ करण्याची तरतूद पहिल्या दिवसापासूनच करावी, आणि वाढ लागू होण्यापूर्वी त्या मार्गावरच्या बसफेऱ्या कमी केल्या जात नाहीत ना, हे त्याच बैठकीत तपासावे.