चहाऐवजी काय? आधी वेळ बघा, मग भांडं चढवा

चहा सोडायचा म्हणणाऱ्याच्या हातात कोणीतरी ग्रीन टी देतं, कोणीतरी गवती चहा. ग्रीन टीत कॅफीन असतंच. गवती चहाच्या पातीत ते अजिबात नसतं, पण आपल्याकडे ती पात चहा पावडरीसोबतच उकळतात, मग फरक फक्त वासाचा उरतो.

मुळात कॅफीन ताकद देत नाही. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते जितकं साठेल तितकी झोप दाटते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा तिथेच असतो, त्याची वर्दी तेवढी पोचत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा भाग रात्री अकराला अजून कामावर असतो, आणि सकाळी डोळे उघडत नाहीत म्हणून पुन्हा आधण ठेवलं जातं.

कॅफीनशिवाय असं काम करणारं पेय स्वयंपाकघरात नाही, हे आधी मान्य करायला हवं. म्हणून ‘चहाऐवजी काय प्यावं’ याआधी ‘या वेळचा कप नक्की कशासाठी होता’ ते बघायचं. भूक होती, तहान होती, झोप अपुरी होती, की नुसतं खुर्चीतून उठायचं होतं? प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे.

पावडर हळूहळू कमी करा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि पावडर उकळून किंवा गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. दिवसाला सहा-सात कप चहा पिणारा माणूस सहज तिथे पोचतो.

एका दिवसात बंद केलं तर बहुधा १२ ते २४ तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त ठणकतं आणि हा त्रास आठवडाभरही रेंगाळू शकतो. ‘मला चहाशिवाय जमतच नाही’ हा निष्कर्ष बहुतेक जण याच दुसऱ्या दिवशी काढतात. त्यापेक्षा घरच्या चहात एका कपाला एक चमचा पावडर पडत असेल तर दर तीन दिवसांनी पाव चमचा कमी करा. कमी झालेली चव भरून काढायला ठेचलेलं आलं आणि गवती चहाच्या दोन पाती, कात्रीने बारीक कापून, नुसत्या पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि दूध नंतर घाला. दुधातच पात टाकली तर वास नीट उतरत नाही. कप कमी करताना दिवसाच्या शेवटाकडून सुरुवात करा: आधी संध्याकाळचा, मग चारचा. सकाळचा पहिला सर्वात शेवटी.

डोकं दुखलं म्हणून गोळी घ्याल तर पाकिटावर घटक वाचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीनच असतं.

दहा-अकराचा कप: खरं तर भूक

नऊला मिसळ-पाव झाला की अकराच्या सुमाराला जो जडपणा येतो, त्याच्यावर चहा म्हणजे दुखण्यावर पांघरूण. कट, फरसाण आणि मैद्याचा पाव पोट भरतात, पण डोकं चालायला अडचणच करतात. मिसळ रविवारी खा. कामाच्या दिवशी आंबील करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, आजरा, गगनबावड्याकडची नाचणी मिळाली तर उत्तम.

दोघांसाठी नाचणीचं पीठ ४ मोठे चमचे, अर्धी वाटी जरा आंबट ताक आणि अर्धी वाटी पाणी रात्री कालवून झाकून ठेवा. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट काही ठेवू नये. थंडीत दहा-बारा तास लागतात, एप्रिल-मेमध्ये सहा पुरतात. डोशाच्या पिठासारखा आंबूस वास यायला हवा. बुरशीचा वास आला किंवा वर रंगीत डाग दिसला तर चाखून न बघता टाकून द्या.

सकाळी तीन वाट्या पाणी अर्धा चमचा मीठ घालून उकळा, आच मंद करा आणि रात्री कालवलेलं पीठ ढवळून घेऊन एका हाताने बारीक धार सोडत, दुसऱ्या हाताने हलवत राहा. सात-आठ मिनिटांत कच्चा वास जातो, आंबिलीवर चकाकी येते आणि पळीच्या पाठीवर थर बसतो. गाठी होतात त्या कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकल्यामुळे. झाल्याच तर रवीने घुसळून घ्या. कोमट झाल्यावरच दीड वाटी ताक, ठेचलेल्या तीन लसूण पाकळ्या, जिरेपूड आणि कोथिंबीर घाला. गरम आंबिलीत ताक ओतलं की फुटतं, आणि मग दोष नाचणीला जातो.

मोड आणलेल्या नाचणीचं पीठ वापरत असाल तर तेवढ्याच प्रमाणात आंबील पातळ राहते. मोड येताना तयार झालेली विकरं (एन्झाइम) स्टार्च तोडतात, म्हणून पीठ दीडपट घ्या. ऑफिसला न्यायची तर ताक वेगळ्या बाटलीतून न्या आणि तिथे मिसळा, नाहीतर उन्हाळ्यात दुपारपर्यंत ती तोंडात धरवत नाही. मधुमेह असेल तर आंबील ‘औषध’ समजून लोटाभर पिऊ नये. बारीक दळलेली नाचणी शिजली की साखर चढवते. वाटीभर घ्या, सोबत मटकीची उसळ किंवा उकडलेलं अंडं.

हातात गरम पेला हवाच असेल तर

धणे-जिऱ्याच्या काढ्याने तरतरी येते असा दावा आम्ही करणार नाही. त्याचं काम वेगळं आहे: वाफ, वास, दोन घोट आणि चार माणसांत उभं राहायची सोय.

धणे ८ मोठे चमचे, जिरे ४, बडीशेप २, मिरी १ छोटा चमचा, वेलदोडे ६, सुंठपूड १ छोटा चमचा. धणे मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, रंग एक छटा गडद होईपर्यंत भाजा. जिरे वेगळे, दोन-तीन मिनिटंच. एकत्र भाजलं तर धणे होईपर्यंत जिरे करपतात आणि डबाभर पूड कडू होते. बडीशेप आणि मिरी तव्याच्या उरलेल्या उष्णतेवर परता. पूर्ण गार झाल्यावर सगळं मिळून जाडसर दळा. गरम दळलं तर वाफेने गोळे होतात, फार बारीक दळलं तर कपाच्या तळाशी गाळ बसतो. घट्ट झाकणाच्या बरणीत ही पूड महिनाभर चांगली राहते.

एका कपासाठी दीड कप पाणी आणि एक छोटा चमचा पूड घ्या, कपभर उरेपर्यंत उकळा आणि गाळा. गूळ त्यात विरघळवा, मग वेगळं तापवलेलं दूध वरून घाला आणि पुन्हा उकळू नका. गुळातल्या आम्लाने आणि क्षारांनी उकळतं दूध नासतं. गूळ नवा आणला असेल तर आधी अर्ध्या कपावर करून बघा.

गुळाबद्दल एक गोष्ट स्पष्ट हवी. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण रक्तातल्या साखरेला त्याचं अप्रूप नाही. गूळ बहुतांशी साखरच आहे. कपाला सुपारीएवढा खडा पुरे. फार पिवळाधमक, चकचकीत गूळ घेऊ नका. तो रंग बऱ्याचदा गुऱ्हाळावर घातलेल्या हायड्रॉस या रसायनाचा असतो.

चारचा कप

हा सर्वात चिवट. दुपारी झोप दाटणं काही प्रमाणात शरीराच्या घड्याळातच आहे. वर तांबडा-पांढरा रस्सा आणि दोन वाढी भात झाला असेल तर विचारायलाच नको. भात अर्धा करा आणि जेवल्यावर दहा मिनिटं चाला. चारला आधी पेलाभर पाणी प्या. अंगातलं पाणी थोडं जरी कमी झालं तरी लक्ष विस्कटतं. मग मूठभर भाजके शेंगदाणे किंवा फुटाणे. सोय असेल तर दुपारी तीनच्या आत गजर लावून वीस मिनिटं डुलकी. तीस-चाळीस मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा तास भ्रमिष्टासारखा जातो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावात फाउंड्रीच्या (धातू ओतकामाच्या) भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला मात्र नुसतं पाणी पुरत नाही, कारण घामातून मीठही जातं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट अर्धा छोटा चमचा मीठ आणि सपाट सहा छोटे चमचे साखर घाला, लिंबू चवीपुरतं. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ज्यांचं नाव फार, काम वेगळं

तालमीतली थंडाई पैलवानासाठी आहे. बदाम, खसखस आणि दूध मेहनतीनंतर अंगी लागतं, खुर्चीत बसणाऱ्याला त्यानं पेंग येते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध चवीला लाख असेल, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, म्हणून उकळूनच प्या. काढ्यात रोज ज्येष्ठमध घालू नका, त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. अश्वगंधा गरोदरपणात, थायरॉईडच्या गोळ्या चालू असताना किंवा यकृताचा त्रास असताना स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही. ब्राह्मीचा परिणाम दिसलाच तर काही आठवड्यांनी दिसतो, चारच्या पेंगेवर तिचा उपयोग शून्य.

सकाळचा एक कप ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, फक्त जेवणाच्या आधी-नंतर एकेक तास सोडून. चहातली टॅनिन जेवणातलं लोह नीट शोषू देत नाहीत. आणि झोप पुरेशी, कप एकावर, तरीही तीन आठवड्यांनी अंग गळून जात असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉईड) आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. घरचे म्हणत असतील की तुम्ही मोठ्याने घोरता आणि झोपेत मध्येच श्वास अडकतो, तर तेही डॉक्टरांना सांगा.