संवेदनशील त्वचेसाठी क्रीम-साबण घेताना डबा उलटा करून वाचा

"ताई, माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे, कोणतं क्रीम चालेल?" सांगलीतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. मी फार्मासिस्ट आहे. माझी स्वतःची त्वचाही लहानपणापासून कोरडी आणि पटकन लाल होणारी आहे, त्यामुळे विचारणारीचा जीव किती मेटाकुटीला आलेला असतो हे मला कळतं. पण उत्तरादाखल एका ब्रँडचं नाव सांगून चालत नाही. एकीला मानवलेलं क्रीम दुसरीचा चेहरा सुजवू शकतं. निवडायची पद्धत मात्र नक्की सांगता येते.

आधी तुमचा त्रास नेमका कसला आहे ते बघा. लावल्या लावल्या आग होते, चुणचुणतं, त्वचा ओढल्यासारखी होते आणि धुतलं की बरं वाटतं, असं असेल तर बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी नसते. त्वचेचा वरचा थर दुबळा झालेला असतो आणि तिखट वस्तू त्याला सोसत नाही. खरी अ‍ॅलर्जी उशिरा उठते. लावल्यानंतर एक ते तीन दिवसांनी खाज, बारीक पुरळ, कधी पाणी धरलेले फोड. रविवारी नवीन क्रीम लावलं आणि मंगळवारी चेहरा खाजला, की खापर मंगळवारी खाल्लेल्या वांग्यावर फुटतं. क्रीम तसंच चालू राहतं. आणखी एक, "हे तर मी कित्येक वर्षं वापरते" हा पुरावा नव्हे. वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही अ‍ॅलर्जी नव्याने सुरू होऊ शकते.

पुरळ जिथे उठतं तिथेच दोषी वस्तू लावलेली असते असंही नाही. पापण्यांची कातडी फार पातळ असते. नेलपॉलिश लावलेलं बोट डोळ्याला लागून पापण्या खाजतात, शाम्पूचा फेस ओघळून मानेवर चट्टे येतात, हेअर डायने आधी कानामागे आणि कपाळाच्या कडेला पुरळ उठतं. म्हणून संशयितांच्या यादीत फेस क्रीमबरोबर डोक्याचं आणि नखांचं सामानही धरा.

डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडून द्या

हायपोअ‍ॅलर्जेनिक, डर्मटॉलॉजिकली टेस्टेड, जेंटल, नॅचरल. हे शब्द वाचून पैसे देऊ नका. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' म्हणायला कंपनीने काही सिद्ध केलं पाहिजे, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये आणला होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे हा शब्द मोकळाच आहे.

'पॅराबेन-फ्री' या शब्दाने तर संवेदनशील त्वचेच्या माणसांचं नुकसानच केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी असलेल्या कुठल्याही क्रीमला बुरशी-जंतूंपासून राखणारं काहीतरी, म्हणजे प्रिझर्वेटिव्ह, लागतंच. पॅराबेन काढलं की त्याच्या जागी दुसरं येतं, आणि बरेचदा ते दुसरं जास्त त्रासदायक निघतं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन त्यातलंच एक. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २०१३ मध्ये त्याला 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' ठरवलं. लावून तसंच ठेवायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर युरोपीय महासंघात २०१७ पासून बंदी आहे. त्याच सोसायटीने २०१९ साठी निवडलं पॅराबेनला, आणि तेही 'अ‍ॅलर्जन नसलेला' म्हणून, कारण त्याची अ‍ॅलर्जी फार क्वचित होते.

मागची यादी अशी वाचा

आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने छापले तरी चालतात. ६० मिलीपेक्षा लहान बाटली किंवा ३० ग्रॅमपेक्षा लहान ट्यूब असेल तर यादी छापायची सक्ती नाही. म्हणून ट्रायलला छोटं पाऊच घेण्याआधी मोठ्या डब्याची यादी शोधा आणि फोटो काढून ठेवा. अक्षरं इतकी बारीक असतात की फोटो मोठा करूनच वाचता येतात.

समजा, यादी अशी आहे: पाणी, ग्लिसरीन, लिक्विड पॅराफिन, सिटिअरिल अल्कोहोल, फिनॉक्सिइथेनॉल, केशर अर्क, परफ्यूम, लिनालूल. पहिले चार म्हणजे क्रीमचा खरा माल. सिटिअरिल अल्कोहोलमधला 'अल्कोहोल' वाचून घाबरू नका, तो मेणासारखा मऊ पदार्थ आहे, सॅनिटायझरमधलं स्पिरिट नव्हे. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्वेटिव्ह एक टक्क्यापर्यंतच घालता येतं. म्हणजे त्याच्यामागे लिहिलेलं केशर नाममात्र, डब्यावर चित्र काढण्यापुरतं. शेवटचे दोन शब्द आपल्या कामाचे. परफ्यूम, परफम किंवा फ्रॅग्रन्स या एका शब्दाआड कितीतरी वेगवेगळी रसायनं असू शकतात. लिनालूल, लिमोनिन, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, युजेनॉल ही वासाचीच मंडळी. लिनालूल आणि लिमोनिन हवेशी संयोग पावले की जास्त अ‍ॅलर्जी करतात, म्हणून वर्षभर उघडी पडलेली सुवासिक बाटली संपवायचा हट्ट धरू नका.

माझ्या पाहण्यात वास सोडला की निम्मा त्रास कमी होतो. डब्यावर 'फ्रॅग्रन्स-फ्री' हवं. 'अनसेंटेड' असेल तर यादी नीट बघा, कच्च्या मालाचा वास झाकायला कधी कधी त्यातही सुगंधी द्रव्य घातलेलं असतं.

वासानंतर टाळायचं ते आयसोथायाझोलिनोन शेवटी असलेलं कुठलंही नाव, आणि फॉर्मल्डिहाइड हळूहळू सोडणारी प्रिझर्वेटिव्ह: डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५. शाम्पू-फेसवॉशमध्ये कोकामिडोप्रोपिल बिटेन असतं, त्याचाही काहींना त्रास होतो. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ) आणि प्रोपिलिन ग्लायकॉल बहुतेकांना चालतात, पण ज्यांना चालत नाहीत त्यांना अजिबात चालत नाहीत.

घ्यायचं काय?

सुरुवातीला तीनच वस्तू. धुवायला एक, मऊ ठेवायला एक, उन्हासाठी एक. टोनर, सीरम, स्क्रब सध्या राहू द्या. जितके डबे कमी, तितका चोर लवकर सापडतो.

नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि त्वचेचा साधारण ५ च्या आसपास. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा साका अंगावर राहून जास्तच ओढतं. अशांनी सिंडेट बार घ्यावा. दिसायला वडीच, पण तो साबण नसतो आणि त्याचा पीएच त्वचेच्या जवळचा असतो. अंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड ओतायची सवय असेल तर ती सोडा.

मॉइश्चरायझर जितकं साधं तितकं चांगलं. वास नसलेलं पांढरं पेट्रोलियम जेली, किंवा लिक्विड पॅराफिन, ग्लिसरीन आणि सिरामाइड असलेलं क्रीम. साध्या पेट्रोलियम जेलीत पाणी नसल्यामुळे प्रिझर्वेटिव्ह लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. अंघोळीनंतर अंग टिपून ओलसर असतानाच लावा. भेगा पडल्या असतील तर युरियाचं क्रीम झोंबतं, ते भेगा भरल्यावर. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घ्या. चेहरा थोडा पांढरट दिसतो, पण ऑक्सिबेन्झोनसारख्या फिल्टरपेक्षा ते जास्त सोसतं.

"पण मी सगळं आयुर्वेदिकच वापरते," असं सांगणाऱ्यांसाठी दोन शब्द. बिब्बा उतला की अंगावर कसे फोड उठतात ते गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि बिब्बा झाडावरच येतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. गाजर गवत आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात १९५० च्या दशकात नोंदलं गेलं, आणि आज शेताच्या बांधावर काम करणाऱ्या कितीतरी जणांना त्याची अ‍ॅलर्जी आहे. शेवंती, झेंडू त्याच कुळातले, आणि कॅमोमाइल, कॅलेंड्युला, अर्निकाही. त्यामुळे गाजर गवताने चेहरा-मान खाजणाऱ्या माणसाला कॅमोमाइलचं 'सूदिंग' हर्बल क्रीम उलटू शकतं. हळद बहुतेकांना चालते, काहींना नाही. दिवाळीचं उटणं घरी दळलेलं असेल तर त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. तयार पाकिटातला तीव्र वास मात्र बरेचदा वरून घातलेला असतो.

ही ट्यूब मागू नका

"ती गोरं व्हायची ट्यूब द्या, शेजारणीला चार दिवसांत फरक पडला." हे ऐकलं की मी ट्यूब देत नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइड आहेत. चार दिवसांत खाज-लाली दबते, चेहरा उजळ दिसतो. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमं आणि नको तिथे केस येतात. बंद केलं की चेहरा लालभडक होऊन आग होते, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमं शेड्युल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. खोक्यावर 'आरएक्स' दिसलं तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. आधीच महिनोन् महिने लावत असाल तर एकदम फेकून देऊन घरी सोसत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, त्यातून बाहेर काढायची रीत असते. आणि गोरं करणाऱ्या ज्या क्रीमवर उत्पादकाचा पत्ता, लायसन्स नंबर, घटक काहीच नाही, त्यात पारा असण्याचा धोका आहे. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो.

टिकली आणि डाय, दोन्ही आपल्याकडे घरोघर. टिकलीच्या गोंदातल्या पीटीबीपी या रसायनाने काहींना त्या जागी आधी खाज येते, मग पांढरा डाग पडतो. खाज सुरू झाली तेव्हाच टिकली थांबवा. डायमधल्या पीपीडी या रंग देणाऱ्या रसायनाची अ‍ॅलर्जी जोरकस असते, डोळे मिटतील इतका चेहरा सुजतो. झटपट काळीभोर रंगणाऱ्या मेंदीतही पीपीडी असू शकतं. पाल्याची मेंदी नारिंगी-तपकिरीच रंगते. लहान मुलींच्या हातावर काळी मेंदी काढू देऊ नका. एकदा पीपीडीने सुजलात, तर 'थोडंसं लावून बघते' असं करूच नका.

घरची चाचणी

मनगटावर चोळून दहा मिनिटांत काही झालं नाही म्हणजे चालेल, असं धरू नका. अ‍ॅलर्जी उशिरा उठते हे वर सांगितलंच. कोपराच्या आतल्या घडीजवळ बॉलपेनने रुपयाएवढा गोल काढा. त्यात सकाळ-संध्याकाळ क्रीम लावा आणि निदान ७ दिवस, जमलं तर १४ दिवस चालू ठेवा. त्या जागी दुसरं काही लावू नका. गोलात खाज, पुरळ किंवा खरखरीतपणा आला तर ती वस्तू बाद. काही झालं नाही तर पुढे थोडे दिवस कानापुढे, जबड्याच्या कडेला, आणि मगच पूर्ण चेहऱ्याला. फेसवॉश, शाम्पू असे लावून ठेवू नका, त्यांनी कोणाचीही त्वचा लाल होईल. ते नेहमीसारखे वापरून धुऊनच बघायचे. एका वेळी एकच नवीन वस्तू, आणि दोन नव्या वस्तूंमध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. लग्न ठरलेल्या मुलींना मी हात जोडून सांगते, लग्नाच्या आधीच्या महिन्यात नवीन फेशियल किट उघडू नका.

ओठ किंवा डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला, तर दुकानात न येता थेट दवाखाना गाठा.

एवढं करूनही पुरळ परत परत येत असेल तर पॅच टेस्ट करून घ्या. रक्त काढून 'शंभर गोष्टींची अ‍ॅलर्जी' शोधणारी पॅकेजं क्रीमच्या अ‍ॅलर्जीसाठी कामाची नाहीत, ती वेगळ्या प्रकारची अ‍ॅलर्जी मोजतात. पॅच टेस्टमध्ये त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर वेगवेगळ्या घटकांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, म्हणून घामाचे दिवस टाळून तारीख घ्या. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी निकाल दबतो. जाताना तेल, डाय, टिकलीचं पाकीट, नेलपॉलिश, सगळं एका पिशवीत घालून न्या.

दोषी घटकांची नावं कळली की त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पार्लरमध्ये बसण्याआधी दाखवा. तुमचं ठरलेलं क्रीम पुढच्या वेळी घ्याल तेव्हाही तो फोटो डब्याशी ताडून बघा. नाव आणि रंग तोच ठेवून कंपन्या आतले घटक बदलतात.