ॲनालॉग जॉयस्टिक बोर्डाला जोडताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पीयूसी (अकरावी-बारावी) आणि डिप्लोमाची मुले आर्डुइनोसारख्या छोट्या प्रोग्रॅम करायच्या बोर्डाला जोडायची जॉयस्टिक, म्हणजे बोटाने चारी दिशांना हलवायची दांडी, घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते, ‘सर, हा पीसच खराब आलाय.’ पाच पिनांच्या त्या लहानशा मॉड्यूलमध्ये खराब होण्याजोगे मुळात फार थोडे आहे. त्यात १० किलोओहमचे दोन पोटेन्शिओमीटर, म्हणजे जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलची भावंडे, आणि खाली दाबायचे एक बटण असते. दोष बहुधा जोडणीत किंवा प्रोग्रॅममध्ये निघतो आणि तो कुठे आहे हे सिरियल मॉनिटरवरचे, म्हणजे बोर्डाने पाठवलेले संगणकावर दिसणारे, आकडे सांगतात. म्हणून मोटर, सर्व्हो (सांगितलेल्या अंशांवर वळणारी मोटर), डिस्प्ले सगळे बाजूला ठेवून आधी एक्स (आडवी दिशा), वाय (उभी दिशा) आणि बटण यांचे तीन आकडे नुसते छापून पाहावेत. मॉनिटरवर अक्षरांचा खिचडा दिसत असेल, तर प्रोग्रॅममधला आणि मॉनिटरचा बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवण्याचा वेग, जुळलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आकडा काय सांगतो

आर्डुइनो उनोवर ० ते ५ व्होल्टचे ० ते १०२३ असे माप होते आणि दांडी मोकळी असताना दोन्ही आकडे ५१२ च्या आसपास असायला हवेत. दांडी कुठेही नेली तरी दोन्ही आकडे १०२३ वरच चिकटून राहत असतील आणि बटणही चालत नसेल, तर ग्राउंडची वायर सुटलेली आहे. दोन्ही आकडे शून्यावर बसले असतील तर पुरवठ्याची वायर पाहावी. लांब ब्रेडबोर्डच्या, म्हणजे वायरी नुसत्या खोचून जोडायच्या पाटीच्या, कडेच्या पट्ट्या पुष्कळदा मध्यावर तुटक असतात. वरच्या अर्ध्यात ५ व्होल्ट दिले आणि मॉड्यूल खालच्या अर्ध्यात लावले की सगळे नीट जोडल्यासारखे दिसते आणि आकडा मात्र शून्य येतो. दांडी पूर्ण नेऊनही आकडा ६७५ च्या पुढे जात नसेल, तर मॉड्यूलला ५ ऐवजी ३.३ व्होल्ट दिले गेले आहेत.

पुरवठा आणि ग्राउंड यांची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, आणि म्हणूनच ही चूक उशिरा सापडते. दोन्ही दिशा उलट्या होतात, त्या आपण प्रोग्रॅममध्ये उलटवून मोकळे होतो, आणि मग बटण कधीच का दाबले जात नाही याचा शोध संध्याकाळपर्यंत चालतो. बटण आपली पिन मॉड्यूलच्या ग्राउंडला जोडते. त्या ग्राउंडवरच ५ व्होल्ट असतील तर दाबले काय आणि सोडले काय, वाचन सारखेच येणार.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे दांडी फक्त आडवी हलवली तरी वायचा आकडाही तिच्यामागे जाणे. मुलांना वाटते, आत दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या आहेत. उनो बोर्डातला व्होल्टेज मोजणारा भाग एकच असून तो पाळीपाळीने प्रत्येक पिनेकडे वळतो. वायची वायर सुटलेली असेल तर त्याच्या सूक्ष्म कपॅसिटरमध्ये राहिलेले एक्सचे व्होल्टेज तो वायच्या नावावर मांडतो. जंपर वायर बदलली की भूत उतरते. आमच्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या ओलसर घरांत, महिनाभर पडून राहिलेल्या वायरींवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

बटणाच्या पिनेला प्रोग्रॅममध्ये ‘इनपुट पुलअप’ (आतल्या रेझिस्टरने पिन पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे ओढून धरणे) सांगितले नाही, तर ती अधांतरी राहते आणि कुणी हात जवळ नेला तरी दाबल्याचा भास होतो. पुलअप लावल्यावर दाबलेले बटण शून्य वाचले जाते, एक नव्हे, हे लक्षात घेऊनच अट लिहावी. आयटूसी (दोन वायरींवरून बोलणारा) डिस्प्ले वापरणाऱ्यांनी उनोवरच्या ए४ आणि ए५ या पिना जॉयस्टिकला देऊ नयेत, कारण तो डिस्प्ले त्याच पिनांवर चालतो.

ईएसपी३२ वर जाताना

मॉड्यूलवर ‘+५ व्होल्ट’ असे छापलेले असते आणि त्या छापील शब्दावर विश्वास ठेवून मी स्वतः ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डाची एक पिन घालवली आहे. या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, मॉड्यूललाही ३.३ व्होल्टच द्यावेत, ते आनंदाने चालते. इथे माप ० ते ४०९५ असते; मोकळ्या दांडीचा आकडा मध्याच्या २०४८ च्या बराच वर दिसला आणि थोडी ढकलताच ४०९५ ला भिडला, तर वायर ताबडतोब काढावी. याउलट आकडा १८०० ते १९०० च्या दरम्यान असेल तर घाबरण्याचे कारण नाही, या बोर्डाचे मापच काहीसे वाकडे आहे. वायफाय सुरू करताच जॉयस्टिक मुकी होत असेल, तर ती या बोर्डातल्या दोन एडीसींपैकी (व्होल्टेज मोजणाऱ्या भागांपैकी) दुसऱ्याच्या पिनांवर आहे; ३२ ते ३९ क्रमांकांच्या पिना घ्याव्यात. त्यांतल्या ३४ पासून पुढच्या पिनांना मात्र आतला पुलअप नसतो, त्यामुळे बटण तिथे लावायचेच असेल तर १० किलोओहमचा रेझिस्टर बाहेरून ३.३ व्होल्टला जोडावा लागतो.

आकडे बरोबर, हात चुकीचा

गेल्या हंगामात एका मुलाने बनवलेला यांत्रिक हात दांडी सोडली की मध्यावर यायच्या ऐवजी एका बाजूला कलंडत असे. त्याने बसने बेळगावला येऊन दोनदा जॉयस्टिक बदलून नेली होती. आकडा पाहिला तर अचूक ५१२. दोष एका ओळीत होता: आकड्याला १८० ने गुणून १०२३ ने भागले होते. उनोवर साध्या पूर्णांकाची मर्यादा ३२,७६७ आहे. ५१२ गुणिले १८० म्हणजे ९२,१६० त्यात मावत नाहीत, वरचे ६५,५३६ गळून २६,६२४ उरतात आणि भागाकार येतो २६. सर्व्होला ९० अंशांऐवजी २६ अंश सांगितले जात होते आणि तो बिचारा आज्ञाधारकपणे तिथेच जात होता. मोठे आकडे मावणारी ‘लाँग’ प्रकारची संख्या घेतली किंवा तयार ‘मॅप’ फंक्शन वापरले की हा घोळ मिटतो.

मध्याचा आकडा नेमका ५१२ असेल हे गृहीत धरणे ही आणखी एक चूक. कुणाची दांडी ४९८ वर विसावते, कुणाची ५२७ वर. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतला लेथवरचा माणूस डायल शून्यावर आणल्याशिवाय माप घेत नाही, तसे बोर्ड सुरू होताच वीसेक वाचनांची सरासरी काढून तोच मध्य धरावा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे २० ते ३० आकडे निष्क्रिय मानावेत, म्हणजे मोकळ्या दांडीने गाडी सरकणार नाही. सर्व्हो हलताना आकडे थरथरत असतील किंवा बोर्ड पुन्हा सुरू होत असेल, तर सर्व्होला वेगळा पुरवठा द्यावा आणि त्याचे ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडावे. हे दुसरे विसरले की पहिल्याचा उपयोग होत नाही.

एवढे करूनही आकडा ठरावीक जागी उडी मारत असेल, तर मॉड्यूल सुटे काढून मल्टिमीटरने एक्सची पिन आणि ग्राउंड यांमधला रोध पाहावा. इथेही एक गंमत आहे: दुसरा पोटेन्शिओमीटर समांतर असल्यामुळे एका टोकाला १० नव्हे तर ५ किलोओहमच दिसतात आणि मध्यावर सुमारे पावणेचार. ते योग्यच आहे. दांडी सावकाश नेताना काटा सलग सरकण्याऐवजी मध्येच तुटला, तर आतली पट्टी झिजली आहे, आणि तेव्हा नव्या जॉयस्टिकसाठी बेळगावची बस पकडायला हरकत नाही.