एआय एजंटच्या हाती साइट देण्याआधी: देखभालीच्या साधनांची नोंद कशी लिहावी

सहकाऱ्याला ‘कॅश साफ करून घे’ एवढं सांगितलं तरी पुरतं. आपल्या साइटवर पानांची कॅश (तयार पानांचा तात्पुरता साठा) वेगळं प्लगइन सांभाळतं, हे त्याला ठाऊक असतं. हेच वाक्य एआय एजंटला, म्हणजे स्वतः आज्ञा चालवून काम करणाऱ्या एआयला दिलं, की तो डब्ल्यूपी-सीएलआयमधून, म्हणजे वर्डप्रेस टाइप केलेल्या आज्ञांनी चालवण्याच्या साधनातून, ‘कॅश फ्लश’ चालवतो. ती आज्ञा फक्त ऑब्जेक्ट कॅश, म्हणजे डेटाबेसमधून आणलेल्या माहितीचा तात्पुरता साठा, रिकामी करते; पानांची कॅश तशीच राहते. समोर ‘सक्सेस’ येतं, एजंट काम झाल्याचं कळवतो आणि वाचकाला जुनंच पान दिसत राहतं. आपल्या डोक्यात असलेली गोष्ट नोंदीत नव्हती, म्हणून हे होतं.

अशी नोंद कशी लिहायची, ते वर्डप्रेसच्या साइटवरूनच पाहू.

पायरी १: यादी आणि जागा

महिनाभरात देखभालीसाठी जे जे चालवता, ते लिहून काढा. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ नावाची साधी मजकूर-फाइल ठेवा. कोडचं काम करणारे बरेच एजंट ती आपणहून वाचतात. पासवर्ड त्यात चुकूनही नकोत. खुलासा मराठीत चालेल, पण आज्ञा टर्मिनलवर टाइप करता तशाच, रोमन लिपीत आणि पूर्ण लिहा.

पायरी २: एका साधनाची एक नोंद

प्रत्येक नोंदीत हे लिहा: साधन काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, काम झालं हे कशावरून ओळखायचं, बिघडलं तर मागे कसं यायचं. यातलं ‘कधी वापरायचं नाही’ बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं आहे.

उदाहरण म्हणून डब्ल्यूपी-सीएलआयची ‘सर्च-रिप्लेस’ ही आज्ञा घ्या; ती डेटाबेसभर एक मजकूर शोधून त्याजागी दुसरा टाकते. वर्डप्रेस काही सेटिंग्ज सीरियलाइज करून ठेवतं, म्हणजे प्रत्येक मजकुराआधी त्याची बाइटमधली लांबी लिहिलेली असते. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दात चिन्हं ५ (तीन अक्षरं आणि दोन मात्रा), पण लांबी १५. थेट एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसच्या आज्ञाभाषेने, शब्द बदलला तर लांबीचा आकडा जुनाच राहतो आणि ती सेटिंग वाचता येत नाही. सर्च-रिप्लेस हा आकडाही दुरुस्त करतं.

मराठी साइटवर आणखी एक खाच आहे. पानाच्या पत्त्यातले देवनागरी शब्द डेटाबेसमध्ये टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात असतात, एका चिन्हाला ९ अक्षरं. देवनागरीत शोधलं तर ते सापडत नाहीत. एजंटला ‘० बदल’ दिसले की तो समजतो, बदलण्यासारखं काही नव्हतंच. शिवाय त्या रकान्यात जागा २०० अक्षरांची, म्हणून साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता तुटतो. हे लिहून ठेवलं नाही, तर एजंट असे तुटके पत्ते ‘दुरुस्त’ करायला जाईल आणि बाहेरून येणाऱ्या जुन्या लिंका मोडतील.

माझी नोंद अशी असते:

> साधन: सर्च-रिप्लेस. डोमेन बदलताना वापरावं. आधी डेटाबेस एक्सपोर्ट. मग ‘ड्राय-रन’सह (खरा बदल न करता) चालवून बदलांची संख्या माणसाला दाखवावी, होकार आल्यावरच खरं चालवावं. ‘जीयूआयडी’ रकाना (लेखाची कायमची ओळख) वगळावा. एसक्यूएलचं रिप्लेस कधीही वापरू नये. पानांचे पत्ते याने बदलू नयेत. ‘० बदल’ आल्यास थांबून विचारावं. बिघडल्यास एक्सपोर्ट परत आयात करावा.

पायरी ३: पुन्हा पुन्हा केल्याने बिघडणारी कामं

एजंट अडला की तेच पुन्हा करून पाहतो. साइटच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र सर्टबॉट या प्रोग्रामने नवं केलं, पण वेब सर्व्हर रीलोड केला नाही, तर ब्राउझरला जुनीच तारीख दिसते. एजंट मग सक्तीने आणखी एक प्रमाणपत्र मागवतो, मग आणखी एक. त्याच नावांच्या संचासाठी ७ दिवसांत ५ प्रमाणपत्रांची मर्यादा आहे. ती संपली की खरी गरज पडली तरी नकार मिळतो. म्हणून स्पष्ट लिहा: सक्तीचं नूतनीकरण करू नये, नूतनीकरणानंतर सर्व्हर रीलोड करावा आणि तारीख बाहेरून तपासावी.

साधनं एमसीपीमार्फत (एजंटला साधनं जोडण्याची एक प्रमाणित पद्धत) देत असाल, तर ‘फक्त वाचणारं’ किंवा ‘विध्वंसक’ अशी खूण जोडता येते. पण ती फक्त खूण आहे. खरा अडसर परवानग्यांचाच, तेव्हा एजंटच्या डेटाबेस-खात्याला टेबल पुसण्याचा हक्कच देऊ नका.

पायरी ४: नोंदीची परीक्षा

साइटची चाचणी-प्रत घ्या. एजंटचं कोरं सत्र उघडा, हीच फाइल द्या आणि एक काम सांगा. मध्ये मदत करू नका, हे अवघड जातं. तो जिथे अडला, जिथे त्याने अंदाज बांधला, तिथे खूण करा. ‘कोणती कॅश?’ असं त्याने विचारलं, तर उत्तर चॅटमध्ये न देता फाइलमध्ये लिहा, सत्र बंद करा आणि नव्या सत्रात तेच काम पुन्हा द्या.